तारा मंदावतो तेव्हा

आपल्या भाषेत स्थैर्याची उपमा द्यायची झाली की आपण आकाशाकडे पाहतो. अढळ म्हणजे ताऱ्यासारखे, अचूक म्हणजे सूर्यासारखे. ग्रह फिरतात, चंद्राच्या कला बदलतात, धूमकेतू येतात आणि जातात. तारे मात्र पिढ्यान्‌पिढ्या आहेत तसे राहतात, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत बऱ्याच अंशी उपयोगी असली तरी पूर्ण खरी नाही. काही ताऱ्यांचे तेज कमी होते आणि पुन्हा वाढते. काहींच्या बाबतीत हे घड्याळाच्या नेमाने घडते, तर काहींच्या बाबतीत कोणताही नेम सापडत नाही. अशा ताऱ्यांना 'रूपविकारी तारे' असे नाव आहे. त्यांपैकी एकाने गेल्या काही वर्षांत जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना असे कोड्यात टाकले, की त्याच्या मंदावण्याचे संपूर्ण कारण आजही निश्चित झालेले नाही.

या लेखात त्या ताऱ्याची हकीकत सांगायची आहे. परंतु ती समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल, कारण आजचा न सुटलेला प्रश्न काल सुटलेल्या प्रश्नांच्या खांद्यावर उभा असतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या हकीकतीत विशेष रस वाटतो तो याच कारणासाठी. कारण ठाऊक नसलेल्या घटनेसमोर माणसे कशी वागतात, हा मुळात इतिहासाचाही प्रश्न आहे. काही जण घाबरतात, काही जण हाताशी येईल ती गोष्ट खरी मानून मोकळे होतात आणि काही जण नोंदी ठेवू लागतात. या तिसऱ्या प्रकारच्या माणसांचा हा वृत्तान्त आहे.

यॉर्कमधील एक तरुण

ययाती या तारकासमूहात अल्गोल नावाचा तारा आहे. हे नाव अरबी असून त्याचा अर्थ दैत्याचे किंवा पिशाचाचे मस्तक असा होतो. या ताऱ्याचे तेज बदलते ही गोष्ट सतराव्या शतकात इटलीतील जेमिनियानो मोंतानारी यांनी नोंदवली होती. पण तो केव्हा मंदावतो, किती मंदावतो आणि का मंदावतो हे कोणी शोधले नव्हते.

ते काम इंग्लंडमधील यॉर्क या गावी जॉन गुडरिक या तरुणाने केले. १७६४ साली जन्मलेला गुडरिक बालपणीच्या आजारात बहिरा झाला होता. त्या काळी अशा मुलांच्या वाट्याला बहुधा उपेक्षाच येई. परंतु त्याला एडिनबरो येथील टॉमस ब्रेडवुड यांच्या कर्णबधिर मुलांसाठीच्या शाळेत शिकायला मिळाले आणि पुढे त्याने गणितात चांगली गती मिळवली. यॉर्कला शेजारी राहणाऱ्या एडवर्ड पिगट या खगोल-अभ्यासकाशी त्याची मैत्री झाली आणि दोघे मिळून तारे पाहू लागले.

१२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री गुडरिकला अल्गोल नेहमीपेक्षा पुष्कळच मंद दिसला. त्याने त्या रात्रीची नोंद केली आणि नंतरच्या रात्रींचीही. आकाश निरभ्र असेल त्या प्रत्येक रात्री शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून अल्गोलचे तेज तो लिहून ठेवू लागला. काही महिन्यांच्या नोंदी जमल्यावर त्यांतून एक नियम स्पष्ट झाला. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी हा तारा मंदावतो. सुमारे दहा तासांत त्याचे तेज नेहमीच्या एक तृतीयांशाच्या आसपास उतरते आणि पुन्हा पूर्ववत होते. १७८३ साली त्याने हा निष्कर्ष लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवला. त्याच वर्षी सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले. तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा होता.

गुडरिकने कारणाविषयी दोन शक्यता मांडल्या. एक म्हणजे अल्गोलभोवती एखादे अंधारे मोठे पिंड फिरत असावे आणि ते आपल्या आणि ताऱ्याच्या मध्ये आले की तारा झाकोळत असावा. दुसरी म्हणजे ताऱ्याच्या पृष्ठभागावरच काळे डाग असून तारा स्वतःभोवती फिरताना ती बाजू आपल्याकडे येत असावी. यांतली कोणती खरी हे ठरवण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. त्याने दोन्ही शक्यता लिहून ठेवल्या आणि निकाल पुढच्या पिढ्यांवर सोपवला. १७८६ च्या एप्रिल महिन्यात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. रॉयल सोसायटीचा सदस्य म्हणून त्याची निवड झाली त्याला तेव्हा जेमतेम चार दिवस झाले होते.

निकाल लागायला शंभर वर्षे लागली. १८८९ साली जर्मनीतील पॉट्सडॅम वेधशाळेत हेर्मान फोगेल यांनी अल्गोलच्या वर्णपटाचा अभ्यास केला. आगगाडी आपल्याकडे येताना तिची शिटी चढ्या सुरात ऐकू येते आणि दूर जाताना तो सूर उतरतो, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. प्रकाशाच्या बाबतीतही असेच घडते. प्रकाशाचा उगम जवळ येत असला तर वर्णपटातील रेषा निळ्या रंगाकडे सरकतात, दूर जात असला तर तांबड्या रंगाकडे सरकतात. फोगेल यांना असे आढळले, की मंदावण्यापूर्वी अल्गोल आपल्यापासून दूर जात असतो आणि मंदावून झाल्यावर आपल्याकडे येत असतो. याचा अर्थ तो कुणाभोवती तरी फिरत आहे. डागांच्या कल्पनेतून हे सरकणे निष्पन्न होत नव्हते. अदृश्य जोडीदाराच्या कल्पनेतून ते अपरिहार्यपणे निष्पन्न होत होते. गुडरिकची पहिली शक्यता सिद्ध झाली. अल्गोल हा ग्रहणकारी युग्मतारा आहे, म्हणजे परस्परांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांतला मंद तारा तेजस्वी ताऱ्यापुढून जातो तेव्हा आपल्याला ते ग्रहण दिसते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घटनेशी जुळते एवढ्यावरून कोणतेही स्पष्टीकरण खरे ठरत नाही. अल्गोलच्या घटनेशी दोन्ही स्पष्टीकरणे जुळत होती. 'हे खरे असेल तर आणखी काय दिसायला हवे?' हा प्रश्न दोघांनाही विचारला गेला आणि जे उत्तरात उतरले ते टिकले.

सत्तावीस वर्षांचे ग्रहण

प्रत्येक मंदावणारा तारा अल्गोलइतका सोपा निघाला नाही. सारथी तारकासमूहात, ठळक अशा ब्रह्महृदय ताऱ्याजवळ, एप्सिलॉन ऑरिगी नावाचा साध्या डोळ्यांनी दिसणारा तारा आहे. तो मंदावतो ही गोष्ट १८२१ साली जर्मनीतील योहान फ्रिट्श यांच्या लक्षात आली. पुढच्या पिढ्यांनी नोंदी चालू ठेवल्या तेव्हा समजले, की हा तारा दर २७ वर्षांनी मंदावतो आणि जवळजवळ दोन वर्षे तसाच राहतो. एवढा दीर्घ काळ झाकून ठेवणारी वस्तू अतिप्रचंड असली पाहिजे. परंतु ती स्वतः मात्र दिसत नव्हती.

एका माणसाच्या कार्यकाळात असे ग्रहण फार तर दोनदा पाहायला मिळते. म्हणून या कोड्याचे उत्तर कोणा एकाच्या हाती लागणे शक्य नव्हते. गुरूने वही शिष्याच्या हाती द्यावी तसे ते काम पुढे जात राहिले. अखेर २००९ ते २०११ या काळातील ग्रहणात, अमेरिकेतील माउंट विल्सन येथे अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून ताऱ्याचे प्रत्यक्ष चित्र मिळवण्यात आले. त्यात धुळीची एक काळी, चपटी तबकडी ताऱ्यापुढून सरकताना दिसली. हे चित्र २०१० साली प्रसिद्ध झाले. पहिल्या नोंदीपासून चित्रापर्यंत १८९ वर्षे गेली होती.

हंसातला तारा

आता मूळ कोड्याकडे वळू. अमेरिकेच्या नासा या संस्थेने मार्च २००९ मध्ये केप्लर ही अवकाश-दुर्बीण सोडली. हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांच्या दिशेला रोखलेली ही दुर्बीण दीड लाखाहून अधिक ताऱ्यांचे तेज दर अर्ध्या तासाने मोजत होती. एखादा ग्रह आपल्या ताऱ्यापुढून गेला तर ताऱ्याचे तेज किंचित कमी होते. ठरावीक काळाने तशीच घट पुन्हा दिसली, तर तिथे ग्रह असल्याचा अंदाज बांधता येतो. ही घट अत्यल्प असते. आपल्या सूर्यापुढून गुरूसारखा महाकाय ग्रह गेला, तरी सूर्याचे तेज जेमतेम एक टक्का कमी होईल. कारण गुरूचा व्यास सूर्याच्या सुमारे एक दशांश आहे, म्हणजे त्याच्या तबकडीचे क्षेत्रफळ सूर्याच्या एक शतांश.

या प्रचंड माहितीची छाननी संगणक करीत होते. पण संगणकाला ठरावीक काळाने येणाऱ्या घटी शोधायला सांगितले होते. अनियमित घटी त्यांच्या चाळणीतून निसटण्याचा संभव होता. म्हणून डिसेंबर २०१० मध्ये 'प्लॅनेट हंटर्स' नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात जगातील कोणीही व्यक्ती, पदवी असो वा नसो, घरी बसून ताऱ्यांच्या तेजाचे आलेख डोळ्यांनी तपासू शकत होती. हजारो हौशी लोकांनी हे काम विनामूल्य केले. त्यांतील काहींचे लक्ष केआयसी ८४६२८५२ या क्रमांकाच्या ताऱ्याने वेधून घेतले. हा आलेख इतरांसारखा नाही, एवढेच त्यांनी नोंदवले आणि त्यावर आपसात चर्चा सुरू ठेवली.

हा तारा आपल्यापासून सुमारे १,४७० प्रकाशवर्षे दूर आहे. आपल्या सूर्याहून तो थोडा मोठा आणि अधिक उष्ण आहे. साध्या डोळ्यांना तो दिसत नाही. मार्च २०११ मध्ये त्याचे तेज हळूहळू उतरत सुमारे १५ टक्क्यांनी घटले आणि मग झपाट्याने पूर्ववत झाले. जवळजवळ दोन वर्षे फारसे काही घडले नाही. त्यानंतर २०१३ च्या फेब्रुवारीच्या आसपास एकापाठोपाठ एक अनेक घटी आल्या आणि त्यांतील सर्वांत मोठी सुमारे २२ टक्क्यांची होती. दोन घटींचा आकार सारखा नव्हता, त्यांच्यामधले अंतर सारखे नव्हते. काही घटी थोड्या दिवसांच्या होत्या, तर काहींचा गोंधळ कित्येक आठवडे चालला. मे २०१३ मध्ये केप्लरच्या दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेत बिघाड होऊन हे निरीक्षण थांबले.

खगोलशास्त्रज्ञ टॅबेथा बोयाजियन यांनी सहकाऱ्यांसह या ताऱ्याचा अभ्यास करून सप्टेंबर २०१५ मध्ये निबंध जाहीर केला. त्याच्या लेखकांत हौशी निरीक्षकांचीही नावे होती. तेव्हापासून हा तारा 'बोयाजियनचा तारा' किंवा 'टॅबीचा तारा' या नावाने ओळखला जातो.

एकेका उत्तराची तपासणी

या निबंधाचे वैशिष्ट्य असे, की त्यात एकेक संभाव्य उत्तर घेऊन ते का पुरेसे पडत नाही हे सांगितले आहे. ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे.

पहिली शंका स्वतःच्या साधनावर घ्यायची असते. दुर्बिणीतच दोष असेल काय? तो असता तर त्याच वेळी शेजारच्या ताऱ्यांच्या नोंदींतही त्याच्या खुणा दिसल्या असत्या. तशा त्या दिसल्या नाहीत.

मग ग्रह असेल काय? २२ टक्के प्रकाश अडवण्यासाठी ताऱ्याच्या जवळपास निम्म्या व्यासाची वस्तू लागेल. एवढा मोठा ग्रह असू शकत नाही. शिवाय ग्रह असता तर घट ठरावीक काळाने आणि त्याच आकाराने परत आली असती.

मग धुळीची तबकडी असेल काय? नव्याने जन्मलेल्या ताऱ्यांभोवती अशा तबकड्या असतात. परंतु ताऱ्याजवळची धूळ तापते आणि तापलेली वस्तू अवरक्त किरण बाहेर टाकते. चुलीतला निखारा विझून काळा पडला तरी हात जवळ नेल्यावर जी ऊब जाणवते, ती अशाच किरणांची. या ताऱ्याकडून येणारे अवरक्त किरण मोजले तेव्हा त्यांत जादा असे काही आढळले नाही. ताऱ्याची अन्य लक्षणेही नवजात ताऱ्याची नव्हती. दोन ग्रहांची टक्कर होऊन धुरळा उडाला असेल, ही कल्पनाही याच कारणाने अडखळली.

त्यातल्या त्यात बरे उत्तर म्हणून धूमकेतूंच्या थव्याची कल्पना पुढे आली. लांबट कक्षेतून येणारे अनेक धूमकेतू किंवा फुटलेल्या धूमकेतूचे तुकडे ताऱ्यापुढून गेले, तर अनियमित घटी दिसतील. धूळ ताऱ्याजवळ फार काळ थांबणार नसल्यामुळे अवरक्त किरणांची अडचणही कमी होईल. तरीही २२ टक्क्यांसाठी किती धूमकेतू लागतील, हा प्रश्न उरलाच.

याच सुमारास खगोलशास्त्रज्ञ जेसन राइट यांनी आणखी एक शक्यता विचारात घेण्याजोगी असल्याचे म्हटले. एखाद्या प्रगत परग्रहवासी संस्कृतीने ताऱ्याची ऊर्जा मिळवण्यासाठी त्याच्याभोवती अवाढव्य बांधकाम केले असेल, तर त्याचा झाकोळ असाच अनियमित दिसेल. अन्य सर्व स्पष्टीकरणे संपल्यावरच या कल्पनेचा विचार करावा, अशी त्यांची भूमिका होती. परंतु ऑक्टोबर २०१५ मध्ये ही बातमी जगभर पसरली तेव्हा ती अट गळून पडली. दूरचित्रवाणीवर आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यांवर हा तारा एकाएकी परग्रहवासींचा तारा झाला.

शास्त्रज्ञांनी ही कल्पना हसण्यावारी नेली नाही आणि तिच्या आहारीही ते गेले नाहीत. तिलाही तोच प्रश्न विचारला गेला: हे खरे असेल तर आणखी काय दिसायला हवे? अमेरिकेतील ॲलन दुर्बीण-समूह दोन आठवड्यांहून अधिक काळ या ताऱ्याच्या दिशेला रोखून रेडिओ संदेशांचा शोध घेण्यात आला. काही आढळले नाही. नंतरच्या शोधांतूनही काही हाती लागले नाही. संदेश न मिळणे हा निर्णायक पुरावा नव्हे, हे खरेच. निर्णायक कसोटी पुढे यायची होती.

काचेवरचे दप्तर

दरम्यान एक वेगळाच वाद उद्भवला आणि त्याचे स्वरूप इतिहास-अभ्यासकांना अगदी ओळखीचे वाटेल. जानेवारी २०१६ मध्ये ब्रॅडली शेफर यांनी असे मांडले, की हा तारा अधूनमधून तर मंदावतोच, शिवाय गेल्या शंभर वर्षांत तो सतत थोडाथोडा मंद होत आला आहे. त्यांचा आधार होता हार्वर्ड वेधशाळेतील काचेच्या छायाचित्र-पट्ट्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या वेधशाळेने आकाशाची छायाचित्रे काचेवर घेऊन जपून ठेवली आहेत. सुमारे पाच लाख पट्ट्यांचा तो संग्रह म्हणजे आकाशाचे एक दप्तरखानाच आहे.

या दप्तराच्या उभारणीत ज्यांचे श्रम आहेत, त्यांची आठवण इथे केली पाहिजे. पट्ट्या तपासून, ताऱ्यांची मोजदाद करून, त्यांचे वर्गीकरण करण्याचे काम तिथे प्रामुख्याने अल्प वेतनावर नेमलेल्या स्त्रियांनी केले. त्यांपैकी विल्यमिना फ्लेमिंग या स्कॉटलंडहून अमेरिकेत आलेल्या. गरोदर असताना पतीने टाकल्यामुळे त्यांनी वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांच्या घरी मोलकरणीचे काम पत्करले. १८८१ पासून त्या वेधशाळेच्या कामावर रुजू झाल्या आणि पुढे त्यांनी तीनशेहून अधिक रूपविकारी तारे शोधून काढले. कोणाला बुद्धी असते आणि कोणाला नसते, याविषयी समाजाने आधीच ठरवून ठेवलेली उत्तरे किती पोकळ असतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागू नये.

शेफर यांच्या निष्कर्षाला लगेच आव्हान मिळाले. शंभर वर्षांत दुर्बिणी बदलल्या, काचेवरचे रसायन बदलले, छायाचित्रे घेण्याची पद्धत बदलली. मग तारा मंदावला की मोजण्याचे माप बदलले, असा आक्षेप मायकेल हिप्के आणि सहकाऱ्यांनी घेतला. इतिहासात याला साधनचिकित्सा म्हणतात. कागद जुना आहे एवढ्यावरून तो विश्वसनीय ठरत नाही. तो कोणी, कशाने, कोणत्या परिस्थितीत लिहिला हे पाहावे लागते.

वाद मिटवायचा असेल तर पूर्णपणे स्वतंत्र साधन हवे. २०१६ सालीच बेंजामिन माँटे आणि जोशुआ सायमन यांनी केप्लरच्या चार वर्षांच्या नोंदी वेगळ्या पद्धतीने तपासल्या. त्या काळातही तारा एकूण सुमारे तीन टक्क्यांनी मंद झाल्याचे त्यांना आढळले. शंभर वर्षांच्या आकड्यांवरील वाद संपला नाही, पण हा तारा दीर्घकाळ हळूहळू मंदावतो ही गोष्ट मात्र पक्की झाली. कोडे सुटण्याऐवजी दुहेरी झाले.

रंगाची कसोटी

केप्लर थांबल्यानंतर या ताऱ्यावर सतत लक्ष ठेवणारे कोणी नव्हते. मोठ्या वेधशाळांचा वेळ मिळणे दुरापास्त असते. तेव्हा २०१६ मध्ये बोयाजियन यांनी लोकांकडे मदत मागितली. १,७०० हून अधिक लोकांनी मिळून एक लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली आणि त्यातून लास कुम्ब्रेस वेधशाळेच्या जगभर विखुरलेल्या दुर्बिणींचा वेळ घेण्यात आला. एका ठिकाणी दिवस उजाडला की दुसरीकडची दुर्बीण काम सुरू करी.

मे २०१७ मध्ये तारा पुन्हा मंदावू लागला. या वेळी पाहणारे सज्ज होते. त्या वर्षी चार घटी आल्या. त्यांना एल्सी, सेलेस्ट, स्कारा ब्रे आणि अंकोर अशी नावे देण्यात आली. यांतील शेवटची दोन नावे प्राचीन अवशेषस्थळांची आहेत. घटी एक ते अडीच टक्क्यांच्या, म्हणजे लहानच होत्या. परंतु त्या वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात एकाच वेळी मोजल्या गेल्या, आणि तीच निर्णायक कसोटी ठरली.

त्यामागचे तत्त्व साधे आहे. भिंत, ग्रह किंवा धातूचे बांधकाम यांसारखी घन वस्तू प्रकाशापुढे आली, तर ती सर्व रंग सारखेच अडवते. अतिसूक्ष्म धूळ मात्र निळा प्रकाश जास्त आणि तांबडा कमी अडवते. उन्हाळ्यात हवेत धूळ असताना मावळता सूर्य लालभडक दिसतो, त्यामागे हेच कारण आहे. टॅबीच्या ताऱ्याच्या घटींत निळा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक कमी झाला होता. जानेवारी २०१८ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ताऱ्यापुढून जाते ती घन वस्तू नसून धूळ आहे; आणि तिचे कण एक मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, लहान आहेत. दीर्घकालीन मंदावण्यातही अवरक्त किरणांपेक्षा अतिनील किरण अधिक कमी होत असल्याचे २०१७ मध्येच दुसऱ्या एका अभ्यासगटाने दाखवले होते, म्हणजे तिथेही धूळच कारणीभूत होती. परग्रहवासींचे बांधकाम इथे संपले.

कोडे मात्र संपले नाही. इतकी बारीक धूळ ताऱ्याजवळ टिकत नाही. प्रकाशाच्या दाबानेच ती लवकर दूर ढकलली जाते. म्हणजे ती कुठून तरी नव्याने येत असली पाहिजे. फुटणाऱ्या धूमकेतूंतून येते, की एखाद्या मोठ्या पिंडाच्या चुऱ्यातून, याचा निर्णय झालेला नाही. २०२१ मध्ये या ताऱ्याला एक मंद, तांबडा जोडीदार तारा असल्याचे निश्चित झाले. मुख्य ताऱ्यापासून तो फार दूर आहे, इतका की सूर्य आणि पृथ्वी यांतील अंतराच्या आठशेपटींहून अधिक. दूरवरचे धूमकेतू त्याच्या ओढीने विचलित होऊन आत येत असतील, हे शक्य आहे. पण शक्य आहे म्हणजे सिद्ध झाले असे नव्हे.

डोळ्यांसमोरचा तारा

हा तारा आपल्याला दिसत नाही. परंतु अशीच एक घटना अलीकडे सर्वांच्या डोळ्यांसमोर घडली. मृग तारकासमूहातील काक्षी हा तांबूस, ठळक तारा ऑक्टोबर २०१९ पासून मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत त्याने नेहमीचे जवळजवळ दोन तृतीयांश तेज गमावले. मृग ज्यांच्या ओळखीचा होता, त्यांना नुसत्या डोळ्यांनी हा फरक जाणवत होता. काक्षी हा आयुष्याच्या अखेरीस आलेला महाराक्षसी तारा आहे; त्यामुळे आता त्याचा स्फोट होणार, अशा वार्ता सर्वत्र पसरल्या.

स्फोट झाला नाही. एप्रिलपर्यंत तारा सावरला. चिलीमधील मोठ्या दुर्बिणीने घेतलेल्या चित्रांत ताऱ्याचा दक्षिणेकडील भाग काळवंडलेला दिसला होता. हबल अवकाश-दुर्बिणीच्या नोंदींवरून आंद्रेया ड्युप्री आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की २०१९ च्या शरदात ताऱ्याच्या दक्षिण गोलार्धातून तप्त वायूचा मोठा लोट बाहेर पडला होता. तो निवून त्याची धूळ झाली आणि तिने ताऱ्याचा एक भाग झाकला. पृष्ठभागाचा काही भाग थंड झाल्याचीही त्यात भर पडली. इथे उत्तर दीड-दोन वर्षांत मिळाले, कारण तारा जवळचा होता आणि त्याच्या नोंदी आधीपासूनच ठेवल्या जात होत्या.

'अजून ठाऊक नाही' याचे मोल

आकाशातला झाकोळ आपल्या समाजाला नवा नाही. ग्रहणाच्या दिवशी गरोदर स्त्रीला अंधाऱ्या खोलीत बसवून ठेवण्याची, शिजवलेले अन्न टाकून देण्याची, दानाच्या नावाखाली गरिबाची मूठ रिकामी करण्याची रीत आपल्यापैकी अनेकांनी घराघरांतून पाहिली आहे. ग्रहणाचे गणित तर फार पूर्वीच ठाऊक झाले होते. तरीही भीती उरली, कारण ते गणित सर्वांच्या हाती दिले गेले नाही. कारण माहीत नसणे हे कमीपणाचे नाही. माहीत नसलेल्या जागी एखादी सोयीची गोष्ट बसवणे आणि तिच्या बळावर दुसऱ्याला घाबरवणे किंवा भुलवणे, हे मात्र घातक आहे. दैत्याचे मस्तक आणि परग्रहवासींचे बांधकाम यांच्यामध्ये शतकांचे अंतर आहे, पण दोन्ही गोष्टी त्याच रिकाम्या जागेत बसवल्या गेल्या.

'अजून ठाऊक नाही' हे वाक्य शास्त्रज्ञ उच्चारतात तेव्हा त्यामागे बरीच माहिती असते. टॅबीच्या ताऱ्यापुढे काय नाही, हे आज नेमके सांगता येते. कशाचा पडदा आहे हे सांगता येते. त्या पडद्याचे कण केवढे आहेत हेही सांगता येते. जे सांगता येत नाही ते कोणत्या निरीक्षणाने कळेल, याचीही कल्पना आहे. आपल्या मुलांनी 'मला ठाऊक नाही' असे म्हटले तर त्यांना रागावू नये. मात्र 'मग कसे कळेल?' हा पुढचा प्रश्न त्यांना जरूर विचारावा.

ज्यांना स्वतः पाहायचे असेल त्यांच्यासाठी अल्गोल आजही तिथेच आहे. डिसेंबरमध्ये रात्री नऊ-दहाच्या सुमारास कृत्तिका आणि शर्मिष्ठा यांच्या दरम्यान, डोक्यावरून थोडे उत्तरेस, ययाती तारकासमूह शोधावा. त्यातील मिरफाक हा सर्वांत तेजस्वी तारा आणि अल्गोल हा त्याच्या खालोखालचा. रोज दोघांची तुलना करून वहीत लिहावे. एखाद्या रात्री अल्गोल स्पष्टपणे मंद दिसला की ती वेळ टिपावी; त्यानंतरचे ग्रहण तिसऱ्या रात्री सुमारे सव्वातीन तास आधी येईल. दुर्बिणीची गरज नाही, पैसा लागत नाही. गुडरिकच्या शोधालाही डोळे, वही आणि चिकाटी याहून फारसे काही लागले नव्हते.

सारथीतील एप्सिलॉन ऑरिगीचे पुढचे ग्रहण २०३६ साली सुरू होईल. आज आपल्या वसतिगृहात राहणारी मुले तेव्हा कामाधंद्याला लागलेली असतील, कदाचित त्यांची स्वतःची मुले शाळेत जात असतील. मधल्या वर्षांत त्या ताऱ्याचे नेहमीचे तेज ज्यांनी ओळखून ठेवले असेल, त्यांनाच तो मंदावल्याचे कळेल. त्यासाठीची वही आतापासून सुरू करावी लागेल.